कच्च्या खिम्याची चिमूट

बाथरूमच्या दाराला कडी घालून अख्तरी भिंतीला टेकली. सलवारीवर पुन्हा तेच होतं. पांढुरकं, चपटं, करंगळीच्या नखाहून थोडं लांब. तिने पाण्याचा शिंतोडा मारला तशी ती पट्टी आकसली आणि परत सैल होऊन लांब झाली. या आठवड्यातली ही तिसरी वेळ. पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिच्या तोंडून आवाज फुटला नव्हता, दोन दिवस घास उतरला नव्हता. आता अकरा महिन्यांनंतर भीतीसुद्धा दमून गेली होती. उरला होता नुसता कंटाळा. धुवायचं, वाळत घालायचं, बायकांत बसून काम करायचं आणि उठताना बसल्या जागी काही राहिलं नाही ना, हे हळूच मागे वळून बघायचं.

आज तिने ते ओतून दिलं नाही. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन ठेवली होती, तिच्यात काडीने ढकललं, थोडं पाणी घातलं आणि झाकण घट्ट फिरवलं. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत, ती कापडी पिशवीत, वर दोन पेरू. मग बुरखा चढवून ती नांदेडच्या इतवाऱ्यातून ऑटोने डॉक्टर लेनला निघाली.

तिच्या बहिणीची मुलगी सादिया तिथल्या एका लॅबमध्ये कामाला होती. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी., वर लॅबचा डिप्लोमा. बकरीदला सगळी पोरं कलेजीच्या आशेने बसलेली असताना, बकऱ्याच्या फुप्फुसात नळी घालून ते फुगवून बघणारी पोरगी, अशी तिची नात्यात ओळख होती.

"शेजारणीचं हाय," बाटली टेबलावर ठेवत अख्तरी म्हणाली. "तिला लाज वाटून राहिली."

सादियाने बाटली उजेडात धरली. मग हातमोजे चढवत विचारलं, "शेजारणीला किती दिवसांपासून हाय?"

"वरीस होत आलं."

"भूक लागते?"

"कधी लई लागते, कधी न्हाईच. चक्कर येते. थकून जाते बिचारी."

"खाला," सादिया म्हणाली, "शेजारणीला म्हणावं स्टुलावर बस. उभी कामून हाय?"

अख्तरी बसली. त्यानंतर शेजारणीचं नाव कुणी काढलं नाही.

सादियाने ती पट्टी काचेच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून धरली, बारीक सुईने तिच्यात काळी शाई सोडली आणि भिंगाखाली सरकवली. आधी ती स्वतः बराच वेळ बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. मग तिने दुसऱ्या बाजूने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

"काय मोजून राहिलीस?"

"ये, बघ. आत झाडासारखं दिसतंय का? मधे खोड, दोन्ही अंगांनी फांद्या. त्या मोजायच्या."

अख्तरीने डोळा लावला. खरंच झाड होतं. काळं, बारीक, बाभळीसारखं. आपल्या अंगातून निघालेल्या गोष्टीत इतकं नीट काढलेलं काही असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"एका अंगाला अठरा," सादिया म्हणाली आणि तिने मोठा श्वास सोडला. "बरं झालं. सात, आठ, दहा असत्या तर हा जंत डुकराच्या मांसातला असता."

"तोबा, तोबा!"

"म्हणून तर मोजल्या. तो वाईट. त्याची अंडी पोटात गेली तर पार मेंदूत गाठी होतात, फिट येतात. हा मोठ्या जनावराच्या मांसातला. आतड्यात डोकं रोवून बसतो, बाकी कुठं जात न्हाई. सर बघून सही करतील, मग वर डॉक्टर चिठ्ठी देतील. एका वेळेची गोळी हाय."

"एकच हाय का आत?"

"बहुतेक एकच असतो. पण लांब असतो."

"किती?"

"राहू दे ना, खाला."

"सांग की."

"चार-पाच मीटर. जास्तही."

म्हणजे दोन ओढण्या एकापुढे एक. अख्तरीने मनातल्या मनात त्या पसरून बघितल्या आणि मग न बोलता घडी घातल्या.

सादियाने वही पुढे ओढली. "आता खरं सांग. कच्चं मांस कुठं खाल्लंस?"

"कच्चं? आपण काय कोल्हे हाव का?" अख्तरीला खरोखर राग आला. "तीस वर्षं लोकांच्या लग्नाचा खिमा लावून राहिले मी. माझ्या हातचा कबाब कधी आतून लाल निघाला का, विचार कुणालाबी."

"अर्धवट शिजलेलं? कलेजी वगैरे?"

"न्हाई म्हटलं ना. जन्मात कच्चं खाल्लं न्हाई. मीठ चाखलं असंल तेवढंच."

सादियाचं पेन थांबलं. "मीठ कशाचं?"

"खिम्याचं. आणि कशाचं?"

"शिजवायच्या आधी?"

"मग काय नंतर?" इतक्या शिकलेल्या पोरीला एवढं कळत नाही, याचं अख्तरीला नवल वाटलं. "सालनाच्या रश्शात मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. कबाबात घालता येतं का? एकदा सीक विस्तवावर गेली की गेली. मीठ लागायचं ते आधीच. म्हणून चाखायचं. ते काय खाणं हाय का? रमजानमधेसुद्धा चाखते मी, जिभेच्या शेंड्यावर. रोजा तुटत न्हाई त्यानं."

"रमजानमधे थुंकतेस ना पण?"

"हाव."

"आणि बाकीचे अकरा महिने?"

बाकीचे अकरा महिने थुंकायचं कशाला, असा प्रश्न अख्तरीला कधी पडलाच नव्हता.

सादियाने आवाज खाली आणला. मांसात कधीकधी साबुदाण्याएवढ्या गाठी असतात, म्हणाली. अख्खा तुकडा असला तर एखाद्याला दिसतीलही, खिमा झाल्यावर कुणाला दिसणार? नीट शिजलं की त्या मरतात. म्हणून लग्नात कबाब खाऊन गेलेल्या हजारो माणसांना काही झालं नाही. "खाणाऱ्याला धोका न्हाई, खाला. चाखणाऱ्याला हाय." आणि मग तिने तो प्रश्न विचारला, जो अख्तरीने तोवर स्वतःला विचारला नव्हता.

"तुझ्याबरोबर अजून कोण चाखतं?"

अख्तरीच्या अंगणात एक रीत होती. खिमा, पिळलेला कांदा, कच्च्या पपईचा लगदा, डाळ्याचं पीठ, मसाला सगळं मळून झालं की अख्तरी मीठ घालायची आणि पहिली चिमूट स्वतःच्या जिभेवर ठेवायची. डोळे मिटायची. सगळ्या गप्प. मग "झालं" म्हणायची आणि मळणाऱ्या प्रत्येक बाईच्या तळहातावर चिमूटभर खिमा ठेवायची, जुनी आधी, नवी नंतर. ही चव ध्यानात ठेवा, असं त्यात होतं. आणि तू आता माझ्या हाताखालची झालीस, असंही होतं. बिस्मिल्लाबी वीस वर्षं ती चिमूट घेत होती. पाच महिन्यांपूर्वी सुमय्याला पहिल्यांदा मिळाली. नवरा सौदीला गेलेला, सासूच्या टोमण्यांतून सुटायला कामावर येणारी मुलगी. दोन महिने नुसती भांडी घासल्यावर मिळालेली ती चिमूट तिने आधी डोळ्यांना लावली होती.

"दोघी," अख्तरी म्हणाली.

"त्यांना सांगावं लागेल."

"बघते."

"बघते न्हाई. सांगते म्हण. न्हाईतर मी येते अंगणात."

"तू येऊ नको!" अख्तरी एवढ्या जोरात बोलली की बाहेर बाकावर बसलेल्या माणसाने आत वाकून बघितलं. "सांगते. माझी मी सांगते."

चिठ्ठी घेऊन ती जिना उतरायला लागली. सांगायला सोपं होतं. सांगितल्यावर काय, ते तिला पायरीपायरीने दिसत होतं. बिस्मिल्लाबीच्या तोंडात तीळ भिजत नाही. बातमी गल्लीत जाईल, गल्लीतून जिलानीपर्यंत. जिलानी म्हणजे मुख्य बावर्ची. नांदेडपासून मुदखेड, देगलूर, उदगीरपर्यंतच्या दावती त्याच्याकडे आणि त्या दावतींचा कबाबाचा खिमा अख्तरीकडे. जिच्या पोटात जंत, तिच्या हातचा खिमा कोण खाणार? खाणाऱ्याला धोका नाही, हे समजावायला सादिया काय प्रत्येक मांडवात उभी राहणार होती? नवरा गेल्यापासून या अंगणावरच तिचं चाललं होतं. मुलगी उदगीरला दिलेली, तिच्या दारात जाऊन राहायचं नव्हतं.

गोळी तिने घेतली. दोन दिवस पोटात ढवळलं, अंगात कसर राहिली, मग थांबलं. आत डोकं राहिलं तर तो परत वाढतो, तीन महिने लक्ष ठेव, असं सादियाने बजावलं होतं. रोज तिचा फोन यायचा. "सांगितलंस?" "आज कामच नव्हतं." "सांगितलंस?" "आज बिस्मिल्लाबीचं डोकं दुखत होतं."

जुमेरातीला म्हणजे गुरुवारी मुदखेडच्या वलीम्याचा, लग्नाच्या दावतीचा, खिमा आला. म्हशीचा, चाळीस किलो. चार परातींत वाटून झाला. अकराला जिलानीचा टेम्पो येणार होता.

केवळाबाई नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी आली होती. ती बड्याच्या, म्हणजे म्हशीच्या मांसाला हात लावत नसे. कांदा, आलं, लसूण हे तिचं काम. तिच्यामुळे अंगणातलं बोलणं मराठीत चालायचं आणि तिच्यामुळेच त्यात हसणंही असायचं. आज मात्र सगळ्या खाली मान घालून मळत होत्या. सुमय्या मधेच हात थांबवून टेकून बसायची. अख्तरीला ते दिसत होतं. गेले काही दिवस ते दिसतच होतं.

पहिल्या परातीत मीठ घालून झालं. अख्तरीची दोन बोटं सवयीने परातीत गेली, चिमूट उचलून वर आली, ओठांपाशी आली. हाताला सांगावंही लागलं नाही, तो आपला आपण आला होता. ओल्या मांसाचा, पपईचा, मिरीचा वास नाकात शिरला आणि जिभेला पाणी सुटलं. तिने हात तसाच खाली नेला आणि चिमूट परातीत झटकली.

"सुमय्या, चूल पेटव. छोटा तवा ठेव."

"तवा कशाला, खाला?"

"खिम्याची टिकली थापून भाजून बघू."

बिस्मिल्लाबीने मान वर केली. "आज चाखणी न्हाई?"

"रोजा हाय माझा," अख्तरी म्हणाली. "नफील, आपल्या खुशीचा. जुमेरातीचा."

"असं व्हय," बिस्मिल्लाबी म्हणाली आणि मळायला लागली.

"कसला रोजा, आपा?" केवळाबाई कांद्यावरून डोळे न काढता बोलली. "सकाळी माझ्यासंग दोन कप चहा घेतलीस. टोस्ट बुडवून. मी म्हातारी झाले, पण एवढी न्हाई झाले."

सुमय्याला हसू फुटलं. तिने ओढणी तोंडावर धरली. बिस्मिल्लाबी हसली नाही. ती अख्तरीकडे बघत राहिली.

अख्तरीने पाट ओढला आणि ती बसली. दुसरं खोटं शोधायला डोक्यात जागा नव्हती. तव्यावर पाणी चर्र झालं, सुमय्याने तेल सोडलं. त्या आवाजातच अख्तरीने सांगून टाकलं. अकरा महिने, बाटली, अठरा फांद्या, गोळी. चिमुटीपाशी आल्यावर ती अडखळली. "माझ्यामुळं तुम्हाला बी असंल," ती म्हणाली. "असंलच असं न्हाई. पण तपासून घ्या. पैसे मी भरते."

तवा धुरावला. कुणी उठलं नाही.

"म्हणजे वीस वर्षं," बिस्मिल्लाबी सावकाश म्हणाली, "तू आमच्या हातावर जंत ठेवून राहिली होतीस?"

"मला काय माहीत होतं, बिस्मिल्लाबी?"

"अकरा महिन्यांपासून तर माहीत होतं ना? अंगातून पडून राहिलं होतं ना? तरी ठेवतच होतीस."

हे कशामुळे होतं ते अख्तरीला कळलं नव्हतं, हे खरं होतं. पण काहीतरी बिघडलंय, हे कळलं होतंच.

बिस्मिल्लाबी उठली. नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून दोनदा, आणि दाराच्या उंबऱ्यावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसली. घरी मात्र गेली नाही.

अख्तरीने टिकली थापली. भाजली, तोडली, गरमच तोंडात घातली. जीभ पोळली. आतून शिजलेल्या खिम्याचं मीठ तिला लागेना. कच्च्यात ते कसं धारेसारखं यायचं, नेमकं जिभेच्या कडेला. इथे नुसता खरपूसपणा आणि मसाला. तिने अजून मूठभर मीठ घातलं. पुन्हा टिकली, पुन्हा पोळलेली जीभ. तीस वर्षं जे डोळे मिटून कळायचं ते आता डोळे ताणूनही कळत नव्हतं. तिने अजून मीठ उचललं.

"खाला, थांबा," सुमय्या म्हणाली. तिने उरलेला तुकडा फुंकर मारून निववला होता आणि ती सावकाश चावत होती. "खारट हाय."

अंगणात मिठावरून अख्तरीला कुणी कधी टोकलं नव्हतं. तिने तुकडा घेतला, वाट बघितली, खाल्ला. खारट होतं. चांगलंच खारट होतं.

"गरम असताना कळत न्हाई," सुमय्या घाईने म्हणाली, आपलाच गुन्हा असल्यासारखी. "माझी आई सालन बशीत काढून गार करून बघायची."

मग त्या दोघींनी मीठ न घातलेली दुसरी परात पहिलीत रिकामी केली, अर्धा अर्धा खिमा एकजीव केला. भाजली, निववली, खाल्ली. प्रत्येक वेळी निवायची वाट बघावी लागत होती. चाळीस किलोला दोनच हातांच्या जोड्या. अख्तरीचे खांदे उतरून आले. तिसऱ्या परातीला केवळाबाईने कांदे बाजूला सारले आणि बशीला पुठ्ठ्याने वारा घालायला बसली. "मांसाला हात न्हाई लावत," ती म्हणाली, "पण वारा घालायला काय जातंय."

जिलानीचा टेम्पो आला तेव्हा एक परात बाकी होती.

"अख्तरी, काय हे? साडेअकरा झाले. मुदखेडला विस्तव तयार करून ठेवलाय पोरांनी." साठीचा, दाढीला मेंदी लावलेला माणूस; तो उंबऱ्यावरच्या बिस्मिल्लाबीला ओलांडून आत आला आणि चुलीकडे बघत उभा राहिला. "आणि हे तवा-बिवा कामून?"

अख्तरीने बिस्मिल्लाबीकडे बघितलं. आता ती बोलेल. बिस्मिल्लाबीची पाठ हलली नाही.

गॅस संपला होता, खिमा उशिरा आला, अंगात ताप होता. सगळं सांगता आलं असतं. अख्तरीने ओढणीने कपाळ पुसलं.

"कच्चं चाखणं बंद केलं मी, जिलानीभाई. त्यानं पोटात जंत झाला होता. पट्टीचा. गोळी घेतली. कबाबाला काही होत न्हाई, शिजलं की मरतं, लॅबमधून विचारून आले. पण मी आता भाजूनच बघणार. त्याला वेळ लागतो."

जिलानीने दाढीवरून हात फिरवला. टेम्पोवाल्याला हाताने थांब म्हटलं. मग बशीतली टिकली उचलली, खाल्ली, मान हलवली. मीठ बरोबर होतं. तरी तो परातीकडेच बघत राहिला.

"मला झाला होता," तो हळू म्हणाला. "तीन वर्षांखाली. लातूरला जाऊन गोळी घेतली. इथं ओळखीचे डॉक्टर, कुठं जाणार? तो डॉक्टरबी हेच बोलला. चाखू नका."

अख्तरीला आधी नीट कळलं नाही. मग हळूहळू कळायला लागलं. पूर्वी टेम्पोत चढवण्याआधी जिलानी प्रत्येक परातीतली चिमूट तोंडात टाकायचा. तीन वर्षांपूर्वी ते बंद झालं. नुसता वास घ्यायचा आणि म्हणायचा, चला. तिला वाटलं होतं, आता माझ्या हातावर भरवसा बसला. त्या दिवशी तिने घरी शीरखुर्मा केला होता, एकटीसाठी.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "आणि मला चाखू दिलंत?"

"बाईमाणसाला असलं कसं सांगायचं? आणि सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तुम्हाला कसं माहीत. गोष्ट बाहेर गेली असती तर मला कोण बोलावलं असतं दावतीला?"

"माझ्या पोरी चाखून राहिल्या होत्या, जिलानीभाई."

त्याच्यावर ओरडावं असं तिला फार वाटलं, पण ओरडायला जे काही बळ लागतं ते सकाळपासून चार परातींत गेलं होतं. शिवाय उंबऱ्यावर बिस्मिल्लाबी बसली होती, आणि तिने मघाशी जे विचारलं होतं तेच आता अख्तरी विचारत होती.

"पुढल्या वेळी खिमा दोन तास आधी पाठवा," ती शेवटी म्हणाली. "आणि टेम्पो माझा फोन आल्यावर. चौथी परात व्हायची हाय. बसा."

जिलानी ओट्यावर बसला. केवळाबाईने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि पुन्हा पुठ्ठा उचलला.

टेम्पो गेला तेव्हा बारा वाजून गेले होते. अंगणात परातींचा ढीग पडला होता. अख्तरीला तो बघवेना. ती तिथेच पाय लांब करून बसली. बिस्मिल्लाबी उंबऱ्यावरून उठली, कमरेला हात लावत आली आणि नळ सोडून पहिली परात घासायला घेतली. बराच वेळ नुसता काथ्याचा आवाज येत राहिला.

"मला बी पडतं," परातीकडे बघतच ती म्हणाली. "दिवाळीपासून." आणि थोड्या वेळाने, "सादिया कितीला येते लॅबमधे?"

"दहाला."

"सुमय्या, तू सासूला काय सांगशील?"

हे सुमय्याला सकाळपासून सुचत नव्हतं.

"म्या येते तुमच्यासंग," केवळाबाई म्हणाली. "मला काय धाड भरली न्हाई, पण चार बाया सोबत दिसल्या की लोक म्हणतील शुगर तपासायला आल्या. सुमय्या, तू सासूला सांग, केवळाबाईला चक्कर येते, तिला धरून न्यायचंय. चक्कर यायचं माझं वय बी हाय."

"धरून न्यायला तू काय हलकी हायस का," बिस्मिल्लाबी म्हणाली.

अख्तरीने भिंतीला हात लावून स्वतःला उठवलं आणि दुसरी परात नळाखाली ओढली.